दंव, डास आणि कीकर: दिल्लीच्या आसपास सायकलवर मुक्कामाला जाताना

दिल्लीत कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात शिरलं की विक्रेता पहिलं विचारतो, ‘‘कहाँ का प्लॅन है सर, लद्दाख?’’ त्याचं काही चुकत नाही. त्याची बहुतेक गिऱ्हाइकं शुक्रवारी रात्रीची बस धरून हिमाचल-उत्तराखंडाकडे पळणारी. त्यामुळे दुकानात जे लटकत असतं ते बर्फासाठी, डोंगरावरच्या वाऱ्यासाठी आणि उंचीवरच्या थंडीसाठी. आपल्याला मात्र शनिवारी दुपारी गुडगावहून दमदमा तलावाकडे किंवा गाझियाबादहून गंगेच्या कालव्याकडे सायकल मारत जायचंय, एक रात्र तंबूत काढायचीय आणि रविवारी जेवायच्या वेळेला घरी यायचंय. या वाटेवर बर्फ नाही. दंव आहे, डास आहेत आणि कीकरचे काटे आहेत. सामान निवडायचं ते या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून. तसं केलं की दुकानातल्या निम्म्या महागड्या वस्तू आपोआप यादीतून गळतात.

हलकं म्हणजे किती, हे आधी ठरवू. एका रात्रीचं सगळं सामान, पाणी सोडून आणि पिशव्या धरून, आठ किलोच्या आत बसायला हवं. सवय झाली की सहावरही येतं. प्रवासी बॅगा तोलायचा हुकवाला काटा घरी असतोच. प्रत्येक वस्तू त्याला लावा आणि वजन कागदावर लिहा. दोनशे ग्रॅमने हलका तंबू मिळावा म्हणून हजारो रुपये जास्त मोजणारी माणसं दुसरी जीन्स, टॉवेल आणि घरातला आख्खा चार्जरचा गुंता बरोबर घेतात, हे कागदावर आल्याशिवाय दिसत नाही. आणखी एक गोष्ट कागदच दाखवतो: कॅरियर आणि दोन पॅनियर, म्हणजे बाजूला लटकणाऱ्या पिशव्या, यांचंच वजन दोन किलोच्या वर जातं. अजून आत काही भरलेलंही नसतं.

सायकलवरून हलकं कॅम्पिंग करायची कल्पना मूळची कुणा कंपनीची नव्हे. ती रुजवली लंडनच्या थॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने. 1897 च्या सुमारास तो आयर्लंडमध्ये सायकलवर तंबू बांधून फिरला, 1898 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, आणि 1901 मध्ये त्याच्या पुढाकाराने सायकल-कॅम्परांची संघटना निघाली. शिंपी असल्यामुळे तंबूचं कापड किती पातळ चालेल, शिवण कुठे घालायची आणि कुठे टाळायची, हे त्याला इतरांपेक्षा नीट कळत होतं. दिल्लीत राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, कारण इथे शिवून देणाऱ्यांची वाण नाही. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आधी झोपेचं सामान, कारण चूक होते ती इथेच. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. त्यातलं ‘कम्फर्ट’ तेवढं आपलं. ‘लिमिट’ म्हणजे अंग मुडपून कशीबशी रात्र काढण्याची हद्द, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचेल, झोपेचं विसरा. काही बॅगांवर हाच शेवटचा आकडा सगळ्यात मोठा छापलेला असतो. दिल्लीची थंडी किती? 1 जानेवारी 2021 ला सफदरजंग वेधशाळेत पारा 1.1 अंशापर्यंत उतरला होता, पण ते अपवादाचं. डिसेंबर-जानेवारीत पाच ते आठ अंश धरून चाला, आणि शहराबाहेर शेतांच्या कडेला त्याहून दोन-तीन अंश कमी. तेव्हा पाच अंश कम्फर्टची बॅग आणि आत अंगावर थर्मल, एवढ्यात कडाक्याचे काही दिवस सोडले तर हिवाळा निघतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून दहा अंशांचीही पुरते. उणे दहाची बॅग घेऊन इथे आलात तर रात्रभर चेन उघडी ठेवून घाम पुसावा लागेल, शिवाय ते दीड-दोन किलोचं ओझं वाहावं लागेल ते वेगळंच.

पिसांची घ्यायची की सिंथेटिक? पिसांची हलकी असते आणि मुठीएवढी दाबली जाते, हे खरं. पण दिल्लीचा हिवाळा कोरडा नाही, धुक्याचा आहे. पहाटे तंबूच्या आतल्या बाजूने पाणी ओघळत असतं. पिसं ओलावली की त्यांच्या गुठळ्या होतात आणि ऊब जाते. उत्तरेच्या या मैदानासाठी मी सिंथेटिकच घेईन. चारशे ग्रॅम जास्त भरेल, पण ओली झाली तरी काही ऊब धरून ठेवेल. लेहला जायचं असेल तेव्हा पिसांची भाड्याने घ्यावी.

विकत घेण्याआधी, किंवा बिल जपून ठेवून लगेच नंतर, एक रात्र इमारतीच्या गच्चीवर झोपून पाहा. सोसायटीचा चौकीदार हसेल. हसू द्या. उघड्या गच्चीवर दंव तेवढंच पडतं, गारवा साधारण तोच असतो, आणि रात्री दोनला कुडकुडायला लागलं तर घर दोन मजले खाली असतं. पन्नास किलोमीटरवर ही सोय नाही.

बॅगेपेक्षाही महत्त्वाची अंगाखालची मॅट. अंगाच्या वजनाने स्लीपिंग बॅग खालून दबते आणि दबलेल्या भागात ऊब राहत नाही. गारठा येतो तो जमिनीतून. दुकानदार इथे हवा भरायची मॅट पुढे करतो, कारण ती पाण्याच्या बाटलीएवढी होते. अरवलीत ती चालत नाही, आणि त्याचं कारण विलायती कीकर. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात तीच ही. मूळची अमेरिका खंडातली. ब्रिटिश काळात दिल्लीच्या रिज या डोंगरकण्यावर लावली आणि मग तिने सगळ्या टेकड्या बळकावल्या. तिचा काटा वाळूनही सुईसारखा ताठ राहतो आणि धुळीत दिसत नाही. तंबूचा तळ आणि हवेची मॅट एकाच घावात भोसकतो. मग मध्यरात्री पाठ थेट दगडावर. फोमची घडीची मॅट बोजड दिसते, पण वजनाला चारशे ग्रॅमच्या आसपास, काटा टोचला तरी ढिम्म, आणि दुपारी झाडाखाली पसरली की लगेच पाठ टेकता येते. दिसायला बरी नसते हे मान्य. कॅरियरवर आडवी बांधली की झालं. तंबू लावण्याआधी जागा मात्र बुटाने घासून घ्या, आणि नंतर हाताने चाचपून पाहा.

आता तंबू. एकट्याला दीड किलोपर्यंतचा, दोघांना अडीचपर्यंतचा पुरे. दोघं असाल तर एकाने कापड न्यावं, दुसऱ्याने काठ्या आणि खुंट्या. स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबूच घ्या. खुंट्यांच्या ताणावर किंवा ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभे राहणारे तंबू फार हलके असतात, पण सायकलवाल्याकडे ट्रेकिंगच्या काठ्या नसतात, आणि खुंट्यांचं म्हणाल तर अरवलीतल्या धौजच्या कातळात त्या शिरत नाहीत व यमुनेच्या खादरातल्या, म्हणजे पूरमैदानातल्या, वाळूत टिकत नाहीत. तंबू दुहेरी हवा: आत जाळी, वर पाणी अडवणारं कापड, मध्ये हवेला वाट. एकेरी कापडाचा तंबू तिनेकशे ग्रॅम वाचवतो आणि सकाळी तुमच्याच श्वासाचं पाणी तुमच्या अंगावर सांडतो. मार्चपासून वरचं कापड घरी ठेवून नुसत्या जाळीत झोपता येतं. डासांपासून संरक्षण झालं की काम झालं.

दुकानात आणखी एक मोजमाप घ्यायचं, जे कुणी घेत नाही. तंबूच्या काठ्या दुमडल्यावर किती लांब होतात? बहुतेक वेळा पंचेचाळीस-पन्नास सेंटीमीटर. खाली वळलेल्या हँडलच्या रोड सायकलमध्ये दोन वळणांच्या मधली जागा चाळीसच्या आसपास असते, म्हणजे तंबूची वळकटी तिथे आडवी बसणारच नाही. बसवलीच तर ब्रेकच्या लिव्हरला अडेल. मग काठ्या वेगळ्या काढून सायकलच्या दांड्याला लांबीत बांधायच्या आणि कापड तेवढं हँडलवर गुंडाळायचं. हे दुकानात कळलं तर बरं, शनिवारी दुपारी घराखाली कळलं तर तिथेच तास मोडतो.

तंबू कुठे ठोकायचा यानेही वजन वाचतं, कारण भिजलेला तंबू सकाळी अर्धा किलो जड होऊन परत येतो. मोकळ्या शेतात आणि पाण्याच्या कडेला दंव सगळ्यात जास्त. पानांनी भरलेल्या झाडाखाली बरंच कमी, कारण वरचं छत्र जमिनीची ऊब आकाशात निसटू देत नाही. वाळकी फांदी डोक्यावर नाही ना, एवढं बघा. आणि थंडी वाजते म्हणून तंबूच्या खिडक्या बंद करू नका. वाफ आत कोंडली की दंवाचं काम घरच्याघरी होतं.

स्वयंपाकाचं काय? मी सांगेन, चूल घरी ठेवा. हिमालयात ती हवीच, पण हरयाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात मुख्य रस्ता धरलात तर ढाबा शोधावा लागत नाही, तोच तुम्हाला शोधत येतो. स्टोव्ह, गॅसचा डबा, भांडं, लायटर, शिधा, भांडी घासायचं पाणी, सगळं मिळून दीड-दोन किलो होतं, एका चहासाठी. शिवाय बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यांत निव्वळ ब्यूटेन असतो. तो शून्य अंशाच्या जवळ वायू व्हायचंच थांबतो, आणि जळताना डबा स्वतःही गार होत जातो, म्हणून जानेवारीच्या पहाटे ज्योत नुसती मिणमिणते. परतीला रेल्वे धरायचा विचार असेल तर ज्वालाग्राही सामान गाडीत नेणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे; मेट्रोच्या दारातही डबा काढून घेतात.

त्यापेक्षा आपल्या घरातलं प्रवासाचं खाणं काढा. दशम्या याच कामासाठी जन्मल्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या असल्याने थंडीत दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, मूठभर भडंग. इकडच्या मातीतलं सत्तू त्यात मिळवा. पाण्यात कालवून मीठ-लिंबू टाकलं की न्याहारी झाली, विस्तव लागत नाही. रात्रीचं गरम जेवण ढाब्यावर करून मगच मुक्कामाच्या जागी पोचावं, आणि चहा सकाळी निघाल्यावर पहिल्या टपरीवर.

पाण्यात मात्र काटकसर नको. रात्रीला आणि सकाळच्या पहिल्या टप्प्याला मिळून तीन लिटर. कालव्याचं पाणी अंघोळीला ठीक, प्यायला नाही, आणि गावातल्या हँडपंपाचं पाणी खारं निघू शकतं. तीन लिटर म्हणजे तीन किलो, म्हणून शेवटच्या गावात भरा, घरून भरून नेऊ नका.

सामान बांधणं हा सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात जास्त छळणारा भाग. इथले दूधवाले आणि पेपरवाले जुन्या काळ्या सायकलीवर जे लादून नेतात ते बघितलं की वाटतं, आपल्याला आठ किलोंचं काय एवढं? पण ती सायकल वेगळ्या कामासाठी बनली. सोनीपतला 1951 मध्ये सुरू झालेल्या ॲटलसची काळी सायकल घ्या: जाड नळ्यांची चौकट, मागे लोखंडी कॅरियर, चाकात भरपूर तारा. (ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनाला, बंद पडला. योगायोगाला तरी थोडी लाज हवी होती.) अशी एखादी सुस्थितीतली मिळाली तर चाळीस किलोमीटरच्या मुक्कामाला तिच्यासारखी सायकल नाही. आपल्याकडे असते ती बहुधा हायब्रिड किंवा रोड, तारा कमी, आणि वजन सगळं मागे टाकलं की मागच्या चाकाची चेनच्या बाजूची तार तुटते, कारण त्या बाजूच्या तारांवर ताण जास्त असतो. निघण्याआधी मिस्त्रीकडून तारा कसून घ्या. आणि चौकट कार्बनची असेल तर कॅरियरचा विचार सोडा.

चौकटीला मागे कॅरियरची भोकं असतील तर ॲल्युमिनियमचं कॅरियर आणि दोन लहान पिशव्या हा सोपा मार्ग. पिशवी टाचेला लागते का, हे पायडल मारून बघा. लहान चौकटीच्या सायकलींवर ती हमखास लागते. भोकं नसतील तर सीटखालची लांब पिशवी, हँडलवरची वळकटी आणि चौकटीच्या त्रिकोणात बसणारी चपटी पिशवी. वाटणी कशी करायची? जे जड ते खाली आणि मध्ये: पाणी, हत्यारं, पॉवर बँक त्रिकोणात. हलकं आणि फुगीर, म्हणजे स्लीपिंग बॅग, सीटखाली. तंबूचं कापड हँडलवर, दीड-दोन किलोच्या वर नाही, नाहीतर वळताना हँडल आपल्या मनाने वळायला लागतं. सीटखालच्या पिशवीत जड वस्तू मागच्या टोकाला भरली तर ती प्रत्येक पायडलला डावी-उजवी डोलते आणि वीस किलोमीटरमध्ये कंबर बोलायला लागते. जड ते सीटच्या नळीला चिकटून भरा. पाठीवर सॅक घेऊ नका. पाण्याची बाटली आणि मोबाइल सोडून पाठीवर काही नको.

या पिशव्या परदेशी कंपन्यांच्या घेतल्या तर तंबूपेक्षा महाग पडतात. इथे होल्डिंगचा धंदा आठवावा. झंडेवालानच्या सायकल बाजारात कॅरियर, पट्ट्या, क्लॅम्प सगळं मिळतं, आणि तिथून जवळच करोल बागेत मोटरसायकलच्या सामानाची दुकानं आहेत, जिथे लडाखला निघालेले बुलेटवाले सीट कव्हर आणि बॅगा करून घेतात. चौकटीच्या त्रिकोणाचा पुठ्ठ्याचा साचा कापून न्या, जाड नायलॉन दाखवा, चेन कुठल्या बाजूला हवी ते सांगा. पट्टे जिथे चौकटीला घासतील तिथे दुहेरी कापड घालायला सांगायला विसरू नका, नाहीतर खडबडीत रस्त्यावर शिवण तिथेच उसवते. कारागिराला आधी गंमत वाटेल, मग तोच दोन सुधारणा सुचवेल. पिशवी पाण्याला दाद देणार नाही अशी शिवून मागू नका, ते घरगुती शिवणीत जमत नाही. आत काळी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, तेवढं पुरतं.

बांधायला हुकवाल्या इलास्टिकच्या दोऱ्या सगळे वापरतात. त्या ताणल्या जातात, सुटल्या की हुक थेट तारांत जातो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घ्या, पंक्चरवाला फुकट देतो. रबर रबराला पकडतं, गाठ सरकत नाही, आणि पंक्चरला ठिगळ लागलंच तर तीच पट्टी कापता येते. सगळं बांधून झालं की पुढचं चाक फूटभर उचलून जमिनीवर आपटा, मागचंही तसंच. जे खडखडतं ते रस्त्यावर सुटणार.

कपडे: अंगावरचे, आणि झोपायचा एक कोरडा जोड जो सायकल चालवताना कधीच घालायचा नाही. हत्यारांत दोन ट्यूब, ठिगळं, पंप, चेन तोडायचं हत्यार, पाने. कीकरच्या मुलखात एक ट्यूब पुरत नाही. काटा टायरमध्ये रुतून राहतो, नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने चाचपा. टायर बत्तीस मिलिमीटरपेक्षा रुंद असला तर बरं.

जायचं कुठे आणि कधी, हे सामानाशीच जोडलेलं आहे. जंगलात तंबू ठोकायचा मोह टाळा. मांगर, असोला-भट्टी, गुडगाव-फरिदाबाद रस्त्याच्या दोन्ही बाजू, इथे बिबटे आहेत, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. पहिल्या वेळी दमदमा किंवा धौजच्या बाजूच्या खासगी कॅम्पमध्ये फक्त तंबूच्या जागेचे पैसे देऊन राहा. पुढे धीटपणा आला की गावात सरपंचाला किंवा मंदिराच्या पुजाऱ्याला विचारून, ढाब्याच्या मागच्या अंगणात, गुरुद्वाराच्या आवारात. ब्रिजघाटला गंगेकाठी धर्मशाळा आहेत, दिल्लीहून साधारण शंभर किलोमीटर. बायकांनी एकटीने निघायचं तर कुटुंब राहत असेल अशाच आवारात. कुठेही असा, घरी ठिकाण कळवा आणि 112 हा मदतीचा नंबर लक्षात ठेवा. दिल्ली-मेरठ एक्सप्रेसवेसारख्या रस्त्यांवर सायकलीला मज्जाव आहे, नकाशा ॲपने सुचवला तरी. गंगेच्या कालव्याच्या कडेची वाट मुरादनगरपासून सुरेख आहे, फक्त कावड यात्रेच्या दिवसांत जाऊ नका. ती श्रावणात असते, आणि लक्षात असू द्या, उत्तरेतला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो.

दिवाळीपासून जानेवारीपर्यंत हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघून मगच बेत करा. थंडीचे सगळ्यात सुखाचे दिवस हेच हवेचे सगळ्यात वाईट दिवस, हा इथला करंटेपणा आहे. धुक्यात सकाळी नऊपर्यंत रस्त्यावर उतरूच नका, कितीही दिवे लावले असले तरी ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. मागचे लाल दिवे दोन हवेत, एक चौकटीला, एक पिशवीवर, कारण सीटखालची पिशवी पहिला दिवा झाकते. एप्रिलच्या मध्यापासून पावसाळा संपेपर्यंत हा उद्योग बंद. फेब्रुवारीचा शेवट ते होळीनंतरचा आठवडा हा खरा मोसम: मोहरी पिवळी झालेली, रात्री बारा-तेरा अंश, डास अजून थोडे.

रविवारी घरी आल्यावर अंघोळीआधी तंबू बाल्कनीत टांगा. दुमडून ठेवलेला ओला तंबू तीन दिवसांत कुबट होतो आणि आतला लेप सुटायला लागतो. स्लीपिंग बॅग तिच्या घट्ट पिशवीत कोंबून ठेवू नका, कपाटात मोकळी टांगा. आणि तो वजनाचा कागद काढून, जी वस्तू पिशवीतून बाहेरच आली नाही तिच्यावर काट मारा. पंक्चरचं सामान, पाऊसकोट आणि औषधं मात्र त्यातून वगळून.